तेरा वर्षांच्या खेळाडूचे भविष्य मोजता येते का? : एका फुटबॉल क्षमता चाचणीचा अनुभव

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही तेरा वर्षांच्या मुलासाठी पुण्यातील एका खासगी कंपनीची ‘फुटबॉल क्षमता चाचणी’ घेतली. दोन दिवसांच्या या सेवेचे शुल्क १८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २१,२४० रुपये होते. राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. या रकमेत मुलाची शारीरिक मोजमापे, वेगाच्या आणि दमसासाच्या चाचण्या, छोट्या सामन्यांचे चित्रीकरण, मानसिक तयारीची प्रश्नावली, ३४ पानांचा छापील अहवाल आणि शेवटी प्रशिक्षकाबरोबर वीस मिनिटांची भेट मिळते. कंपनीच्या जाहिरातीत सर्वांत ठळक वाक्य असे होते की, तुमचे मूल जागतिक दर्जाचे फुटबॉलपटू होऊ शकते का, हे आता शास्त्रीय पद्धतीने जाणून घ्या. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते या प्रकारच्या सेवेबद्दल. तो ठळक प्रश्न खरोखर सुटतो का, आणि सुटत नसेल तर एवढ्या पैशांत दुसरे काय हाती लागते, हे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण आमच्याच पेठेतील चार घरांतून मला याबद्दल विचारणा झाली आहे.

आम्ही कोल्हापूरचे. ज्यांना या गावाची कल्पना नाही त्यांना सांगावे लागेल की येथे फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावे येथील मुलांना इंग्लंडमधील क्लबांच्या आधी पाठ होतात आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतील दुकाने लवकर बंद होतात. अशा गावात एखाद्या मुलाच्या पायात चेंडू जरा चांगला बसतो असे दिसले की त्याचे भवितव्य ठरवणारे लोक गल्लीगल्लीत भेटतात. माझ्या मुलाबद्दल दहाव्या वर्षापासून ‘हा पुढं जाणार’ हे शब्द मी भाजीच्या गाडीपाशीही ऐकले आहेत. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे इंडियन सुपर लीगपर्यंत पोहोचला, त्यामुळे हे बोलणे अगदीच हवेतले आहे असेही म्हणता येत नाही. मात्र प्रेमापोटी बोलणाऱ्या माणसांपलीकडे, ज्याला आमच्या पेठेशी देणेघेणे नाही अशा कोणीतरी मुलाकडे एकदा पाहावे, अशी माझी इच्छा होती. चाचणीला जाण्यामागचे खरे कारण एवढेच होते.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता पुण्याच्या पश्चिम भागातील कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर चोवीस मुले जमली होती. त्यांत तीन मुली होत्या. व्यवस्थेबद्दल तक्रारीला जागा नाही. पाणी, सावली, प्रथमोपचार, फिजिओथेरपिस्ट, सर्व जागच्या जागी होते आणि ठरलेल्या वेळा पाळल्या गेल्या. दहा आणि तीस मीटर धावण्याची वेळ हातातील घड्याळावर न घेता प्रकाशकिरणांच्या फाटकांनी घेतली गेली, जे महत्त्वाचे आहे, कारण एवढ्याशा अंतरात माणसाच्या अंगठ्याची चूकच निकालाएवढी मोठी असू शकते. दमसासासाठी यो-यो चाचणी घेतली. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांच्या नावाशी जोडलेल्या या चाचणीत वीस मीटर जाऊन वीस मीटर परत यायचे, दहा सेकंद थांबायचे आणि पुन्हा धावायचे असते, आणि बीपच्या आवाजाबरोबर वेग वाढत जातो. फुटबॉलमधील धावणे असेच तुकड्यातुकड्यांचे असल्यामुळे ही चाचणी सलग लांब धावण्यापेक्षा अधिक उपयोगाची मानली जाते. माझ्या मुलाने १,०८० मीटर केले. तीस मीटरला त्याला ५.०८ सेकंद लागले.

त्यानंतर उंची, बसलेल्या अवस्थेतील उंची आणि वजन घेतले आणि आईवडिलांची उंची विचारली. या चार-पाच आकड्यांवरून मुलाची प्रौढपणीची उंची किती होईल आणि आज तो त्या उंचीच्या किती टक्क्यांवर पोहोचला आहे, याचा अंदाज काढतात. माझा मुलगा १४८ सेंटीमीटरचा आहे. अंदाजे प्रौढ उंची १७३ सेंटीमीटर आली, म्हणजे तो साडेपंच्याऐंशी टक्क्यांवर होता. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण नव्वद टक्क्यांच्या आसपास येतो, तेव्हा याचा अर्थ त्याची मोठी वाढ अजून सुरूच झालेली नाही. ज्या खामिस-रोश सूत्राने हा हिशोब करतात ते १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या नोंदींवर बेतलेले आहे. कोल्हापूरच्या मुलाला ते लावताना काही सेंटीमीटरची चूक गृहीत धरावीच लागेल. अहवालात ही सूचना असायला हवी होती, ती नव्हती. तरीही मुलाच्या हाडाचा एक्स-रे न काढता मिळणारी ही माहिती संपूर्ण दोन दिवसांतील सर्वांत मोलाची ठरली, आणि ती का ठरली हे पुढे येईल.

प्रश्नावलीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दुपारी जेवणानंतर मुलांना टॅबलेटवर साठ प्रश्न सोडवायला दिले आणि ते सर्व इंग्रजीत होते. प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच खुणांपैकी एक करायची होती. माझा मुलगा मराठी माध्यमात शिकतो. तो थोड्या वेळाने टॅबलेट घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आई, ह्यातलं निम्मं मला कळंना. कळत नाही म्हणायला खूण कुठली?” तशी खूण नव्हती. मदत करायची नाही असे आम्हा पालकांना बजावले होते, म्हणून मी गप्प राहिले, आणि त्याने मधल्या खुणा करून ते संपवले. अहवालात या साठ उत्तरांवरून त्याची ‘मानसिक कणखरता मध्यम, निर्णयाबाबत अनिश्चितता अधिक’ असे छापून आले. जे मूल शाहू स्टेडियमवर दोन्ही बाजूंच्या पेठांचा आरडाओरडा कानावर घेत पेनल्टी मारते, त्याच्याबद्दल हे वाक्य भाषेच्या अडचणीतून आले आहे हे मला ठाऊक आहे. पण अहवाल वाचणाऱ्या दुसऱ्या प्रशिक्षकाला ते कसे कळणार? महाराष्ट्रात सेवा विकणाऱ्या कंपनीने साठ वाक्यांचा मराठी अनुवाद करून घेणे अवघड नाही, आणि तो होईपर्यंत हे पान अहवालातून वगळायला हवे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अहवालाच्या दुसऱ्याच पानावर अर्धवर्तुळाकार रंगीत मोजपट्टी आहे आणि तिच्यावर एक काटा दाखवला आहे. या आकड्याला त्यांनी ‘जागतिक दर्जा निर्देशांक’ असे नाव दिले आहे. माझ्या मुलाचा निर्देशांक शंभरपैकी ६१ आला, काटा पिवळ्या पट्ट्यात. हा आकडा कसा काढला, वेगाला किती वजन दिले, खेळातील समजेला किती, हे मी विचारले तेव्हा ते कंपनीचे स्वतःचे सूत्र असल्यामुळे सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. तुलना कोणाशी केली याचे उत्तर मात्र अहवालातच बारीक अक्षरांत होते : त्याच कॅलेंडर वर्षात जन्मलेल्या मुलांशी.

येथे थोडे थांबून सांगावे लागेल. माझ्या मुलाचा जन्म डिसेंबरचा आहे. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे त्याच गटातील जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठा असतो. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढे अंतर, हे ज्यांच्या घरी या वयाची मुले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. जगभरातील युवा संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले जास्त आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेली कमी आढळतात, ही गोष्ट क्रीडाशास्त्रात अनेक दशकांपासून माहीत आहे. त्यामागे कौशल्याचा फरक नाही. निवड करणाऱ्याच्या डोळ्यात आज जो मोठा आणि वेगवान दिसतो तो भरतो, एवढेच. त्यात आमचा मुलगा उशिरा वाढणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे अहवालाचे अकरावे पान सांगते की या मुलाची शारीरिक वाढ अजून व्हायची आहे, आणि दुसरे पान त्याच मुलाला वाढलेल्या मुलांच्या रांगेत उभे करून पिवळा रंग देते. दोन्ही पाने एकाच कंपनीने, एकाच दिवशीच्या मोजमापांवरून तयार केली आहेत.

आमच्याच गटात जानेवारीत जन्मलेला, ओठांवर मिसरूड फुटलेला, १७१ सेंटीमीटर उंचीचा एक मुलगा होता. तीस मीटर त्याने साडेचार सेकंदांच्या आत संपवले आणि त्याचा निर्देशांक ८८ आला. त्याच्या वडिलांनी तो काट्याचा फोटो लगेच नातेवाइकांना पाठवला. मला माझ्या मुलाच्या ६१ पेक्षा त्या मुलाच्या ८८ ची अधिक काळजी वाटली. छोट्या सामन्यांत तो प्रत्येक वेळी चेंडू पुढे ढकलून अंगाच्या जोरावर निघून जात होता; वळून पास देण्याची वेळ त्याच्यावर आलीच नाही. दोन-तीन वर्षांत बाकीची मुले त्याच्या उंचीला आली की हा एकच मार्ग बंद होणार, आणि दुसरा मार्ग शिकायची गरज आज त्याला कोणी सांगितलेली नाही. हिरव्या पट्ट्यातला काटा तर सांगणारच नाही.

तेरा-चौदाव्या वर्षीच्या अंगकाठीवरून माणसे किती चुकतात, याची उदाहरणे फुटबॉलच्या इतिहासात हवी तेवढी आहेत. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला हायडुक स्प्लिट या क्लबने लहानपणी नाकारले, कारण तो फार लहानखुरा होता; २०१८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डि'ओर त्याच्या हातात होता. अँटोइन ग्रीझमनला अंगकाठीमुळे फ्रान्समधील क्लबांनी घेतले नाही, म्हणून तो किशोरवयात सीमा ओलांडून स्पेनच्या रिआल सोसिएदादकडे गेला आणि फ्रान्ससाठी विश्वविजेता झाला. अशी नावे ऐकली की लहान चणीच्या मुलाच्या आईला बरे वाटते. पण मला स्वतःला त्यांपेक्षा एक पाहिलेली गोष्ट जास्त पटवून देते.

२५ ऑक्टोबर २०१७ रोजी मी भावाबरोबर नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना पाहिला होता. स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. स्पेनचा कर्णधार आबेल रुईझ याने दोन गोल केले, तिसरा फेरान टोरेसचा. त्या संध्याकाळी स्टेडियममधून बाहेर पडणाऱ्या कोणालाही विचारले असते की यांतला उद्याचा मोठा खेळाडू कोण, तर उत्तर रुईझ असेच आले असते, आणि माझेही तेच होते. त्याचे चेंडू अडवणे, बचावपटूला पाठीवर घेऊन वळणे, सर्व काही मोठ्या माणसासारखे होते. पुढे रुईझ स्पेनच्या बार्सिलोना क्लबमधून २०२० मध्ये पोर्तुगालच्या ब्रागाकडे गेला, नंतर जिरोनाकडे आला, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही होता. म्हणजे उत्तम व्यावसायिक खेळाडू झाला. बार्सिलोनाच्या पहिल्या संघात नियमित जागा मिळवून २०२४ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा (युरो) जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात मात्र पोहोचला तो टोरेस. त्याच स्पर्धेत इंग्लंडच्या ऱ्हायन ब्रूस्टरने सर्वाधिक आठ गोल केले होते, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला होता शिडशिडीत अंगाचा फिल फोडेन. फोडेनबद्दलचा अंदाज खरा ठरला. ब्रूस्टरला वरिष्ठ गटात त्या आठ गोलांची सर पुन्हा गाठता आली नाही. ही सर्व मुले सोळा-सतरा वर्षांची होती, जगातील सर्वांत काटेकोर निवडीतून आलेली होती आणि त्यांच्यावर डझनावारी अनुभवी माणसांची नजर होती. तेथे जर असे होत असेल, तर तेराव्या वर्षी दोन दिवसांच्या मोजमापांवरून ‘जागतिक दर्जा’चा आकडा छापणे मला मान्य नाही. ही उगवत्या पिकाच्या पानांवरून बाजारभाव सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आणि ‘जागतिक दर्जा’ म्हणजे काय, याची व्याख्या ३४ पानांत कोठेही नाही. मी तो शब्द अशा खेळाडूसाठी वापरेन, जो युरोपातील पहिल्या पाच लीगपैकी एकीत, वरच्या संघात, सलग काही वर्षे नेहमी मैदानात उतरतो. त्या अर्थाने भारतातून आजवर एकही पुरुष खेळाडू तेथे पोहोचलेला नाही. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला, गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडून खेळला, सुनील छेत्री काही काळ पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ‘ब’ संघात होता. ही प्रत्येकाची स्वतःच्या बळावरची वाटचाल आदराने नोंदवावी अशी आहे. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली, हे मी त्या तीन मुलींच्या आयांना मुद्दाम सांगितले. पण स्पेनचा लामिन यमाल बार्सिलोनाच्या अकादमीत सातव्या वर्षी दाखल झाला आणि पंधराव्या वर्षी पहिल्या संघातून मैदानात उतरला. आमचा मुलगा तेराव्या वर्षी पहिल्यांदा मोजला गेला. ही मधली सहा वर्षे, त्यांतले रोजचे मार्गदर्शन आणि दर आठवड्याचे तोडीस तोड सामने, कोणत्याही निर्देशांकात धरलेले नसतात.

एवढे सर्व लिहिल्यावर वाटेल की पैसे वाया गेले. तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय शेवटच्या वीस मिनिटांना आहे. ती पुढे पन्नास मिनिटांपर्यंत लांबली आणि त्यासाठी जादा पैसे मागितले गेले नाहीत.

प्रशिक्षक तिशीतले होते, मूळचे विदर्भातले. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशीच्या चारास चार सामन्यातील अकरा सेकंदांचा तुकडा लावला. मुलाकडे पास येत आहे, तो चेंडू घेतो, वळतो आणि मागून आलेला मुलगा चेंडू काढून घेतो. मला त्यात विशेष काही दिसले नाही. त्यांनी तुकडा पुन्हा लावला आणि मुलाला म्हणाले, “आता चेंडूकडे बघू नकोस, स्वतःच्या डोक्याकडे बघ. पास यायच्या आधी मान किती वेळा फिरली, मोज.” एकदाही फिरली नव्हती. सहा सेकंद त्याचे डोळे केवळ चेंडूवर होते. तिसऱ्यांदा तुकडा लावून त्यांनी डाव्या बाजूला हात वर करून उभा असलेला मोकळा सहकारी दाखवला. मुलगा पडद्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “हा हितं होता व्हय?” नंतर त्यांनी दोन दिवसांतील असे चौदा तुकडे दाखवले. ज्या तीन वेळी त्याने चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहिले होते, त्या तिन्ही वेळी पुढचा पास बरोबर गेला होता.

चेंडू मिळण्याआधी आजूबाजूला पाहून घेण्याच्या या सवयीवर नॉर्वेच्या गाइर यॉर्डेट यांनी अनेक वर्षे संशोधन केले आहे आणि वरच्या दर्जाचे मध्यरक्षक हे सतत करतात, असे त्यातून दिसते. नॉर्वेचाच मार्टिन ओडेगार्ड या बाबतीत नेहमी उदाहरण म्हणून सांगितला जातो. तो १६ व्या वर्षी, २०१५ मध्ये, रिआल माद्रिदला गेला तेव्हा जगभर त्याच्या नावाचा गाजावाजा झाला होता. त्यानंतर त्याला हेरेनवेन, व्हिटेस, रिआल सोसिएदाद अशा एकेका क्लबकडून तात्पुरत्या करारावर (लोनवर) खेळत फिरावे लागले आणि इंग्लंडच्या आर्सेनलचा कर्णधार होईपर्यंत २०२२ साल उजाडले. प्रशिक्षकांनी हे मुलाला सांगितले ते धीर देण्यासाठी, पण मला त्यातून आणखी एक समजले की ज्यांच्याबद्दलचा अंदाज खरा ठरतो त्यांनाही मधली सात वर्षे कोणी माफ करत नाही.

मी त्यांना सरळ विचारले, “सर, जाहिरातीतल्या प्रश्नाचं उत्तर काय?” ते म्हणाले, “ताई, ते उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या दीड वर्षात काय करायचं, ते सांगू शकतो.” आणि त्यांनी जे सांगितले ते नेमके होते. मुलगा तालमीच्या मोठ्या मुलांबरोबर रोज खेळतो, ते आठवड्यातून एकदाच ठेवावे, कारण तेथे तो अंगावर येणाऱ्याला घाबरून चेंडू लगेच सोडायला शिकत आहे. उरलेले दिवस त्याच्याच वाढीच्या मुलांत, मग ती वयाने वर्षभर लहान असली तरी चालतील, छोट्या जागेत चारास चार खेळावे. इंग्लंडमधील अकादम्या वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार असे गट पाडून सामने घेतात, ही माहितीही त्यांनी दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उंची मोजून वहीत लिहावी. ती भराभर वाढू लागली की गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखू लागण्याची शक्यता असते; तसे झाले तर स्पर्धा असली तरी धावणे आणि उड्या कमी कराव्यात, चोळून-बांधून खेळवू नये. हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून अंतिम सामना खेळल्याच्या गोष्टी आमच्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात आणि त्यांतल्या काही जणांना आज जिना चढताना मी पाहते.

या सेवेतील एक भाग असा आहे की त्याबाबत पालकांना सावध केलेच पाहिजे. अहवालाच्या पाठीमागे एक रंगीत माहितीपत्रक जोडलेले होते : तीन आठवडे स्पेनमध्ये ‘ट्रायल’, खर्च काही लाख रुपये, आणि वर लिहिले होते की मेस्सी तेराव्या वर्षीच बार्सिलोनाला गेला. मेस्सी २००० मध्ये गेला हे खरे आहे. परंतु त्यानंतर नियम बदलले. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या खेळाडू-बदलीच्या नियमावलीतील कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशात बदली होऊ शकत नाही. याला अपवाद मोजके आहेत, जसे की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. सोळा ते अठरा वयाची युरोपातल्या युरोपात मिळणारी सवलत आपल्या मुलांना लागू होत नाही. हा नियम कागदावरचा नाही. परदेशी अल्पवयीन मुलांच्या नोंदणीत नियमभंग केल्याबद्दल खुद्द बार्सिलोनावर कारवाई झाली आणि २०१५ मध्ये नोंदणीच्या दोन्ही मुदतींत त्यांना नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. त्यातच जपानचा ताकेफुसा कुबो सापडला. दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत निवडला गेलेला हा मुलगा २०१५ मध्ये मायदेशी परतला, एफसी टोकियोमध्ये वाढला आणि अठरा पूर्ण झाल्यावर, २०१९ मध्ये, रिआल माद्रिदमार्फत पुन्हा स्पेनला गेला. आज तो रिआल सोसिएदादकडून खेळणारा नावाजलेला खेळाडू आहे. ज्याच्या प्रतिभेबद्दल कोणालाच शंका नव्हती त्याला जर थांबावे लागले, तर आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तीन आठवड्यांच्या ‘ट्रायल’मधून तेथील क्लब नोंदवून घेईल, हे शक्य नाही. सहल म्हणून, सराव म्हणून कोणाला जायचे असेल तर जावे. निवडीच्या आशेने घरातले सोने गहाण ठेवू नये. मी हे बोलून दाखवले तेव्हा कार्यालयातील बाईंनी ‘नोंदणीची हमी आम्ही देत नाही’ असे सांगितले. ती ओळ माहितीपत्रकावर कोठेही नाही.

मुलाला आम्ही ६१ चा आकडा दाखवलाच नाही. तो अहवालातून चित्रफितींचे पान तेवढे काढून मागतो. परत आल्यापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी तो आणि त्याचे पाच-सहा मित्र गांधी मैदानाच्या कडेला चार चपला ठेवून छोट्या जागेत खेळतात, आणि पास येण्याआधी त्याने मान फिरवली नाही तर मित्रांपैकी कोणीतरी ‘डोकं!’ असे ओरडतो. ही युक्ती त्यांनी आपापसांत ठरवली आहे.

माझे मत विचाराल तर मोजमापे आणि चित्रफितींसह प्रशिक्षकाची भेट एवढेच आठ-नऊ हजारांत देणारी सेवा असती तर मी ती प्रत्येक होतकरू मुलाच्या पालकांना बिनदिक्कत सुचवली असती. सध्या ती वेगळी मिळत नाही. मी विचारले होते. पूर्ण रक्कम भरून जाणार असाल तर तुमच्या मुलासाठी असलेल्या प्रशिक्षकाचे नाव आणि त्यांची पात्रता आधी विचारून घ्या, कारण सर्व काही त्या एका माणसावर अवलंबून आहे. प्रश्नावली मराठीत हवी असा आग्रह धरा. चित्रफितींचा दुवा साठ दिवसांनी बंद होतो, तेव्हा त्या उतरवून ठेवा. मैदान कृत्रिम हिरवळीचे असल्यामुळे लांब स्टडचे बूट चालत नाहीत; आम्हाला ऐनवेळी दुसरे विकत घ्यावे लागले. आणि आईवडिलांची उंची घरी नीट मोजून न्या. मुलाच्या वडिलांनी फोनवर सांगितलेली उंची नंतर दाराच्या चौकटीशी मोजली तेव्हा तीन सेंटीमीटरने कमी भरली आणि मुलाची अंदाजे प्रौढ उंची नव्याने काढावी लागली; ती कंपनीने दोन दिवसांत, शुल्क न घेता, दुरुस्त करून पाठवली.